गुन्हा रक्तात की रजिस्टरात?

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या भागात चोऱ्या-घरफोड्या वाढल्या आहेत, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही. वृद्ध स्त्रियांच्या गळ्यातील साखळ्या भर रस्त्यात ओरबाडल्या गेल्या, बंद बंगल्यांची कुलपे तुटली, आणि मुलगा आखातात व सून मुंबईला नोकरीस अशा घरांतील म्हातारी माणसे दिवसाढवळ्या कडी लावून बसू लागली. त्यांच्या भीतीची चेष्टा करण्याचा आमचा विचार नाही. परंतु या भीतीतून एक अर्ज तयार झाला आहे, आणि त्यावर गावोगावच्या प्रतिष्ठितांच्या सह्या घेणे चालू आहे. त्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांला प्राप्त आहे. रेल्वेमार्गापलीकडच्या माळावर पाले ठोकून राहिलेल्या पारध्यांना पोलिसांनी तेथून हलवावे, अशी त्या अर्जातील मागणी. यांपैकी एकाही प्रकरणात त्यांच्यातील कोणावर आरोप ठेवला गेलेला नाही. मग कारण काय? तर ‘ती जातच तशी’. अर्जातील भाषा अर्थात सभ्य आहे. तेथे ‘गुन्हेगारी प्रवृत्तीचे लोक’ असे शब्द योजले आहेत.

‘प्रवृत्ती’ हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. त्यामागे एक अख्खे शास्त्र उभे आहे. अपराधशास्त्र या नावाने ते विद्यापीठांतून शिकवले जाते. त्यात पंथ आहेत, पंथांची आपापसांत भांडणे आहेत. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचे एक पानही उलटलेले नसेल. पण ते बोलतात त्याच शास्त्राच्या भाषेत. आणि दुर्दैव असे की, त्या शास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढलेल्या भाषेत.

प्रभूच्या कफनवस्त्रामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या तुरीन शहरात गेल्याच्या मागील शतकात चेझारे लोंब्रोझो नावाचे एक वैद्य होऊन गेले. कालाब्रिया प्रांतातील विलेल्ला नावाच्या, चोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसाची कवटी तपासताना त्यांना तिच्या मागील भागात एक खळगा दिसला. असा खळगा काही कनिष्ठ प्राण्यांत आढळतो. तेव्हा गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहून गेलेला मनुष्य, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८७६ मध्ये त्यांचा गुन्हेगार मानवावरील ग्रंथ निघाला आणि पुढे आवृत्तीगणिक फुगत गेला. मोठा जबडा, उतरते कपाळ, लांब हात, कानांची विशिष्ट ठेवण, वेदना कमी जाणवणे, अंगावरील गोंदण अशी जन्मजात गुन्हेगाराच्या खुणांची यादी त्यात आहे. गोंदण! या एका खुणेवर महाराष्ट्रातील किती आज्या तुरुंगात गेल्या असत्या याचा हिशेब कोणी करावा?

लोंब्रोझो हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. गुन्ह्याची व्याख्या करीत बसण्यापेक्षा गुन्हा करणाऱ्या माणसाकडे पाहा, हे त्यांचे सांगणे मोलाचे होते, आणि पुढे त्यांनी स्वतःच सर्व गुन्हेगार जन्मजात नसतात, कोणी आवेगाने तर कोणी प्रसंगवशात गुन्हा करतो, हे मान्य केले. पण बीज पडायचे ते पडून गेले. विलेल्लाच्या गावाने ती कवटी दफनासाठी परत मिळावी म्हणून अलीकडे न्यायालयात दावा लावला. कवटी तुरीनच्या संग्रहालयातच राहिली. खुद्द लोंब्रोझो यांचा सांगाडाही, त्यांच्या इच्छेनुसार, त्याच संग्रहालयात उभा आहे. हाडांवरून कोण चोर आणि कोण प्राध्यापक हे ओळखून दाखवण्यास तेथे कोणी पुढे आल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

या सिद्धांताची परीक्षा घेणारा मनुष्यही तुरुंगातीलच वैद्य होता. इंग्लंडमधील चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली, ती विद्यार्थी, सैनिक अशा कायदा पाळणाऱ्या माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘गुन्हेगारी चेहरा’ नावाची वस्तू त्यांना सापडली नाही. कैदी सरासरीने ठेंगणे आणि वजनाला हलके भरले, इतकेच. गोरिंग यांनी आनुवंशिकतेचा नाद सोडला नाही, मंदबुद्धीकडे बोट दाखवले, हेही सांगितले पाहिजे. परंतु शरीरावरून गुन्हेगार ओळखण्याचा खटाटोप शास्त्रापुरता तेथेच संपला.

आपल्याकडे या विचाराला कवटीची फारशी गरज भासली नाही, कारण हाताशी जात होती. (कवट्यांचा षोकही काही कमी नव्हता. १८३० च्या दशकात सागर येथे फाशी दिलेल्या ठगांपैकी सात जणांची मस्तके एडिंबरोच्या कपालशास्त्रज्ञांकडे रवाना झाली होती.) गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, म्हणजे लोंब्रोझोंच्या ग्रंथापेक्षा पाच वर्षांनी थोरला. त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असा होता की, हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा कोष्टी होतो, तेव्हा चोराचाही चोरच होत असणार. आमच्या समाजरचनेचे हे ज्ञान साहेबाला कोणी पुरवले असेल, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको. जमात एकदा सूचीत गेली की तीतील प्रत्येक जण, कालचे तान्हे बाळ धरून, गुन्हेगार. त्याने नाव नोंदवायचे, पोलिसांकडे किंवा पाटलाकडे हजेरी द्यायची, दाखल्यावाचून शीव ओलांडायची नाही. सूचीला न्यायालयात आव्हान देण्याची सोय कायद्यानेच काढून घेतली होती. १९११ मध्ये हा कायदा नव्याने करून सर्व देशभर लागू करण्यात आला. बोटांचे ठसे आले, वसाहती आल्या, मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याची तरतूद आली. आपल्या सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. तारेच्या कुंपणातील त्या जागेला ‘सेटलमेंट’ म्हणत, आणि सोलापूरच्या जुन्या माणसांच्या तोंडी तो शब्द अजून आहे.

येथे एक गोष्ट आपल्याच घरातली आहे, म्हणून ती झाकून ठेवणे बरे नव्हे. देशातील अशा काही वसाहती सरकारने ख्रिस्ती संस्थांच्या हाती सोपवल्या होत्या. साल्व्हेशन आर्मी हे त्यांतील ठळक नाव. ते कॅथलिक नव्हेत, असे म्हणून आम्ही हात झटकू शकतो. पण ते प्रामाणिक उत्तर होणार नाही. त्या मंडळींनी शाळा काढल्या, हातमाग घातले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि त्यांच्या सेवाभावाविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. तरीसुद्धा संध्याकाळी हजेरीपट घेऊन उभा राहणारा माणूस तोच होता. सिद्धांत चुकीचा असला की दयाळू माणसाच्या हातीही कुंपणाची किल्लीच येते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. सव्वाशेच्या घरातील जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मुंबई राज्याने तर आपल्यापुरता तो १९४९ मध्येच काढून टाकला होता. मग त्या जागी काय आले? सराईत गुन्हेगारांसंबंधीचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा. कागदावर हा कायदा जमातीविरुद्ध नाही, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीविरुद्ध आहे, आणि हा फरक मोठा आहे. परंतु रजिस्टर तेच, ठाणे तेच, हवालदाराच्या मनातील यादी तीच. ‘सराईत’ हा मराठी शब्द वर्तमानपत्रातून वाचताना आमच्या एक लक्षात आले आहे: तो ज्यांच्या नावामागे लागतो त्यांच्या वस्तीचे नाव बहुधा सोबत छापलेले असते. बँक बुडवणाऱ्याच्या नावामागे तो लावलेला आम्ही अजून पाहिलेला नाही.

या यादीची किंमत कोण मोजतो? १९९८ च्या फेब्रुवारीत बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात शबर जमातीचा बुधन शबर पोलिसांच्या ताब्यात मरण पावला. त्या घटनेनंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी एकत्र येऊन काम उभे केले. आणि पोलिसच कशाला, यादी जनमानसात एकदा उतरली की जमावालाही पुरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून लोकांनी ठेचून मारले. ते भिक्षेकरी होते, अनोळखी होते, त्यांचे कपडे ‘तसे’ होते. १६ एप्रिल २०२० रोजी आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. भगव्या वस्त्रांनीही त्यांचे रक्षण केले नाही. चेहरा पाहून गुन्हेगार ओळखण्याची विद्या ही अशी आहे. ती कोणाच्या दारी जाईल याचा नेम नसतो. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वर्तमानपत्रांतून वसई-विरारचे नाव जमीनमाफिया आणि गुंडगिरी यांच्या संगतीत कितीदा वाचावे लागे, हे आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा आम्ही किती चिडत होतो!

आता समोरून नेहमीचा प्रश्न येतो. ‘फादर, तुम्ही पुस्तकातले सांगता. पण चोऱ्या तेच लोक करतात, त्याचे काय?’

त्यांच्यापैकी कोणी चोरी करीत नाही, असे आम्ही म्हणत नाही. करीत असतील, आपल्यातीलही करतात. परंतु ‘तेच करतात’ हे कळले कसे? चोरी झाली की पोलीस प्रथम पालांवर जातात. जेथे शोध घेतला जातो तेथेच काहीबाही सापडते, आणि सापडले की पुढच्या खेपेस पुन्हा तेथेच शोध होतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतील ४ लाख ३४ हजारांचा खटला अजून संपायचा होता. दर चार कैद्यांतील तिघांवर दोष सिद्ध व्हायचा आहे. अशा कोठडीत डोकावून गुन्हेगार कोणत्या जातीचा असतो ते शिकायचे, म्हणजे रुग्णालयातील खाटा मोजून गावात औषधाला पैसे कोणापाशी आहेत ते ठरवण्यासारखे आहे.

गुन्हा रक्तातून येतो की जागेतून, याचा फार चांगला पडताळा शिकागो शहरात मिळाला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन अभ्यासकांनी अल्पवयीन गुन्हेगारांचे पत्ते नकाशावर मांडले. कारखान्यांना लागून असलेल्या, मोडकळीस आलेल्या चाळींच्या पट्ट्यात प्रमाण सर्वांत अधिक होते. त्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. त्या पट्ट्यात आरंभी जर्मन आणि आयरिश राहत, मग पोल आले, इटालियन आले. दर पिढीत वस्ती बदलली, वंश बदलला, भाषा बदलली, पण गुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले. आणि जे तेथून बाहेर पडून बऱ्या वस्तीत गेले, त्यांच्या मुलांसोबत ते प्रमाण गेले नाही. १९४२ मध्ये हा अभ्यास ग्रंथरूपाने आला. रक्ताचा सिद्धांत मानणाऱ्यांनी या नकाशाचे काय करायचे ते सांगावे.

मात्र या नकाशावरून ‘दारिद्र्य हेच गुन्ह्याचे मूळ’ अशी उडी मारणारे आमचे पुरोगामी मित्रही आम्हांला मान्य नाहीत. तो दुसऱ्या टोकाचा, थोडा गोड बोलून केलेला, गरिबांचा अपमान आहे. लक्षावधी दरिद्री माणसे आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाचा आंबाही तोडत नाहीत. या विषयातील सर्वांत मार्मिक नोंद आम्हांला अपराधशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात नव्हे, तर संत ऑगस्टीन यांच्या आत्मनिवेदनात आढळते. सोळा वर्षांचे असताना त्यांनी मित्रांसह शेजाऱ्याच्या पेअरच्या झाडावरील फळे चोरली. पोटात भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरी का केली? उतारवयाकडे झुकलेला हा बिशप त्या फळांसाठी कित्येक पाने खर्च करतो आणि शेवटी म्हणतो की, आपण एकटे असतो तर हे केले नसते. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतील एडविन सदरलँड यांनी जो सिद्धांत मांडला, त्याचा गाभा नेमका हाच. गुन्हा शिकला जातो, आणि जवळच्या माणसांच्या संगतीत शिकला जातो: हातचलाखी तर शिकावी लागतेच, पण ‘यात काय बिघडले’ असे म्हणण्याची सबबही शिकावी लागते. ती सबब पालांत शिकवली जात असेल. ती बांधकाम कचेऱ्यांत, जमिनीच्या दलालांच्या बैठकांत आणि लग्नाच्या मांडवातील गप्पांतही शिकवली जाते.

सदरलँड येथे थांबले नाहीत. १९३९ च्या डिसेंबरात आपल्या व्यवसायबंधूंपुढे भाषण करताना त्यांनी एक नवा प्रकार मांडला, ज्याला मराठीत ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ असे फार समर्पक नाव मिळाले आहे. तोवर गुन्ह्यांचे प्रकार म्हणजे शरीराविरुद्धचे, मालमत्तेविरुद्धचे, सार्वजनिक शांततेविरुद्धचे, अशी कायद्याच्या पुस्तकातील प्रकरणे. प्रतिष्ठित माणसाने धंदा करता करता केलेला अपराध कोठे धरायचा, हे कोणी विचारले नव्हते. १९४९ च्या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांचा इतिहास तपासला. न्यायालये आणि आयोग यांनी त्यांच्याविरुद्ध दिलेले ९८० निर्णय निघाले. सरासरी प्रत्येकी चौदा. चौदा वेळा दोषी आढळलेल्या पारध्याला आपले पोलीस काय म्हणाले असते? प्रकाशकाला मात्र खटल्याची धास्ती वाटली आणि कंपन्यांची नावे गाळावी लागली. ती छापली गेली १९८३ मध्ये, लेखक वारल्यावर तेहतीस वर्षांनी. चोराचे नाव जातीसकट छापायचे आणि कंपनीचे गाळायचे, ही रीत अमेरिकेतही आहे, हे पाहून समाधान मानावे की काय!

आपल्याकडे फार लांब जायला नको. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, आणि ठेवीदारांना सुरुवातीस सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. बँकेच्या कर्जाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे आणि तो हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचे उघड झाले. मुंबई परिसरातील कितीतरी पेन्शनरांचे आयुष्यभराचे किडूकमिडूक त्यात होते. आमच्या भागातील सर्व घरफोड्यांची बेरीज केली तरी ती त्या आकड्याच्या पायरीशीही पोचणार नाही. तेव्हा ‘गुन्हेगारी प्रवृत्तीच्या’ बिल्डरांना गावाबाहेर हलवावे, असा अर्ज कोणी केला होता काय? आमच्याकडे तरी सहीला आला नव्हता.

सराईत गुन्हेगार नसतातच, असेही नाही. १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांची पोलीसदप्तरे तपासल्यावर दिसले की, अवघ्या सहा टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून अधिक गुन्हे होते. अशी माणसे असतात, त्यांच्यावर नजर ठेवणे हे पोलिसांचे कामच आहे, आणि त्यांच्यापासून आम्हांलाही संरक्षण हवे आहे. पण ती सापडली कशी ते पाहा. प्रत्येकाच्या करणीवरून, एकेक करून सापडली, आडनावावरून नव्हे.

धर्मगुरू म्हणून आम्हांला सर्वांत खटकते ते वेगळेच. पापनिवेदनाच्या आसनावर आम्ही पंचवीस वर्षांहून अधिक काळ बसत आलो आहोत. तेथील मोहर न मोडता एवढे म्हणता येईल की, कोणत्या आळीचा मनुष्य कोणते पाप करील याचा आम्हांला अजून अदमास बांधता आलेला नाही. आदिपापाची शिकवण आपण बालवयात धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. तीत वारसा आहे, हे खरे. पण तो वारसा सर्वांचा आहे. काही घराण्यांत पाप उतरते आणि काहींत उतरत नाही, असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही. बापाचा दोष लेकाच्या माथी मारू नये हे यहेज्केल संदेष्ट्याने बजावून ठेवले आहे. जन्मांध माणसाला पाहून, पाप याने केले की याच्या आईबापांनी, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. आणि त्याच्याबरोबर नंदनवनात जाणारा पहिला मनुष्य शिक्षा झालेला चोर होता. ‘प्रवृत्ती’वर सही करणाऱ्या कॅथलिकाने यांतील कोणती गोष्ट आपल्याला मान्य नाही, तेवढे सांगावे.

मग घरफोड्यांचे काय करायचे? अर्जात आणखी एक ओळ आहे: शिक्षा कडक कराव्यात. यावर मिलानच्या चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे. शिक्षेच्या क्रौर्याने गुन्हा थांबत नाही. ती चुकणार नाही आणि लवकर होईल, या खात्रीने थांबतो. त्यांनी देहदंडालाही विरोध केला होता. आपल्या ख्रिस्तसभेने १७६६ मध्ये ते पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले, आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात देहदंड अस्वीकार्य असल्याचे लिहवले. अडीचशे वर्षे लागली. आमच्या गावकऱ्यांनी तितकी घेऊ नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रथमच किरकोळ चोरी करून माल परत करणाऱ्यास समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय झाली आहे. त्या संहितेतील पुष्कळशा गोष्टी आम्हांला पटत नाहीत, ही पटते.

पोलिसांकडे मागायचेच असेल तर रात्रीची गस्त मागावी. फिर्याद घेण्यास टाळाटाळ होणार नाही, ही हमी मागावी. आणि एक प्रश्न जरूर विचारावा, जो अर्जात कोठेच नाही: ओरबाडलेल्या साखळ्या विकत कोण घेतो? चोर सोने खात नाही. ते कोठेतरी वितळते, आणि जेथे वितळते तेथे दुकान असते, दुकानावर पाटी असते, आणि पाटीखाली बसलेला मनुष्य आपल्या सणाच्या वर्गणीच्या यादीत असतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिनिहाय कामवाटप आणि विमुक्त जमातींना सराईत मानणारी कलमे घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले, आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. आमच्या भागातील अर्ज पोलिसांनी स्वीकारला तर तो या निर्णयाच्या सरळ विरुद्ध जाईल. सह्या करणाऱ्यांतील वकील मंडळींना तरी हे ठाऊक असावयास हवे होते.

माळावरील पालांत सध्या अकरा मुले आहेत. त्यांपैकी तिघांना आश्रमशाळेच्या वसतिगृहात घालण्याची त्यांच्या आईबापांची इच्छा आहे. त्यासाठी जातीचा दाखला लागतो. पारधी अनुसूचित जमातींत मोडतात, म्हणून ६ सप्टेंबर १९५० पूर्वी कुटुंब राज्यात राहत होते याचा पुरावा हवा. इतर विमुक्त जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. सातबारा नाही, घरपट्टी नाही, शाळेचा दाखला नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांची नावे, अंगठे आणि हजेऱ्या सरकारने रोजच्या रोज टिपून ठेवल्या, त्यांच्याकडे आज सरकारला दाखवायला एक कागद नाही. तिथल्या एका वृद्ध बाबांना आम्ही विचारले, त्या काळी तुमची माणसे कोठे होती. ते म्हणाले, ‘बाप माजा सोलापूरला व्हता, फादर. तारंच्या आत.’

सोलापूरच्या वसाहतीची जुनी रजिस्टरे कोणत्या दप्तरखान्यात आहेत आणि त्यांतील उतारा कसा मिळवावा, याची माहिती असणाऱ्या, किंवा तहसील कचेरीत अशी कामे केलेल्या वाचकांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात आम्हांला भेटावे.